हातावरची कढी

"मग अर्थ काय त्या शब्दाचा?" गिरीबाबांनी विचारलं.

सोळंके सर खुलले. शब्दाचा अर्थ कुणी विचारला की त्यांना बरं वाटायचं. इंग्रजीचा एवढा मोठा क्लास तालुक्यात दुसरा नव्हता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता. मठाच्या ओसरीत बाबांपुढे मांडी घालून बसले होते खरे, पण आवाज लागला तो फळ्यापुढचाच.

इनफ. शब्द साधा, पण पोरं चुकतात, असं सर म्हणाले. मराठीत पुरे म्हणा, पुरेसं म्हणा, पर्याप्त म्हणा, नाहीतर बस्स. पुष्कळ मात्र म्हणायचं नाही. पुष्कळ म्हणजे गरजेहून जास्त. इनफ म्हणजे लागेल तेवढंच. विहिरीला पाणी पुरेसं आहे हे सांगताना तो शब्द चालतो आणि भांडणाऱ्याला गप्प करतानाही चालतो. बोलणाऱ्याचा सूर ओळखता आला पाहिजे.

बाबांनी सगळं मन लावून ऐकलं.

"आणि प्रणवचा सूर कसा होता?"

सरांचा आवाज खाली आला.

प्रणव त्यांचा एकुलता एक मुलगा. मेडिकलच्या परीक्षेला दोनदा बसला, दोन्ही वेळा थोडक्यात हुकला. यंदा त्यानं आपल्या मनानं कृषी महाविद्यालयात प्रवेश घेतला. सोमवारी तिथं हजर व्हायचं होतं. सरांनी मात्र त्याला न विचारता लातूरला पुन्हा क्लास लावला आणि काल तसं सांगितलं. पोरगं भांडलं नाही. "इनफ, पप्पा," एवढंच म्हणालं आणि खोलीचं दार लावून घेतलं. आईलासुद्धा आतून ओ देत नव्हतं.

"तुमचा शब्द तो मोडणार नाही," सर म्हणाले. "त्याला समजवा, बाबा. एकच वर्ष मागतोय मी."

"गेल्या साली किती मागितली होतीस?"

सरांनी मान खाली घातली. मग जरा घुश्श्यातच म्हणाले, "मला कुणी एवढं पुरवलं असतं ना, तर मी आज..."

पुढचं सांगायची गरज नव्हती. विश्वंभर सोळंके शाळेत होता तेव्हा याच मठात जेवायचा. पंगत बसायच्या आधीच पत्रावळ पुढ्यात घेऊन बसायचा, आणि बाबा काही न विचारता त्याला शिगोशीग वाढायचे. त्या पोराची भूक बाबांनी पाहिली होती.

आत घंटा झाली.

"चल, आधी जेव," बाबा म्हणाले.

मठातल्या पंगतीत कुणी बोलत नाही. पानात अन्न टाकायचं नाही, हा तिथला नेम. ज्याला झालं त्यानं पानावर आडवा हात धरायचा. वाढणारा पुढं सरकतो. लहान पोरालाही तिथं कुणी आग्रह करत नाही.

त्या दिवशी कढीची बादली बाबांनी स्वतः घेतली. वय झालं होतं, पण वाढपी मध्ये आला तर त्याला नजरेनंच बाजूला केलं.

सरांना भात-कढी मनापासून आवडली. दुसऱ्यांदाही घेतली. बाबा पुन्हा आले तेव्हा सरांनी पानावर हात धरला.

बाबांनी ओगराळं भरलं आणि हातावर ओतलं.

कोमट कढी बोटांमधून भातात उतरली, मनगटावरून पांढऱ्या शर्टाच्या बाहीत गेली. सरांना वाटलं, म्हातारपण आहे, दिसलं नसेल. हात तसाच ठेवून हळूच म्हणाले, "पुरे, बाबा."

"घे रे. अंगी लागेल." दुसरं ओगराळं ओतलं.

"झालं माझं."

"तुला काय कळतंय. थोडंसंच." तिसरं.

पत्रावळ भरून कढी मांडीवर ओघळली. शेजारच्या म्हाताऱ्यानं आपलं पान हळूच बाजूला ओढलं.

"पुरे म्हणतोय ना मी. ऐकू येत नाही का तुम्हाला?"

सगळी पंगत वळून बघायला लागली. मठात बाबांना असं कुणी बोललं नव्हतं.

बाबांनी बादली खाली ठेवली. गुडघ्यावर हात देत समोर बसले. सरांचा हात आपल्या हातात घेतला आणि अंगावरच्या छाटीच्या टोकानं एकेक बोट पुसायला लागले. सावकाश, लहान पोराचं पुसावं तसं.

"भाजलं का?"

"नाही."

"राग आला?"

सरांनी मान वळवली. डोळे भरून आले होते, ते पुसायला हात मोकळा नव्हता; एक बाबांच्या हातात, दुसरा खरकटा.

पंगत उठली. मग सरांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं, "याल ना तुम्ही त्याच्याशी बोलायला?"

"मी कशाला? तू जा."

"मी जाऊन काय बोलू?"

बाबांनी शेवटचं बोट पुसलं आणि हात सोडला.

"लवकर जा, विश्वंभर. त्याचा हात अजून पानावरच असेल."