येसूचा अंगठा

एकदा काय झालं, ते सांगतो. मधे कुणी बोलायचं नाही. ज्याला पाय झाडायचेत त्याने अंगणात जाऊन झाडावेत.

एक होती नदी. हिवाळ्यात तिच्यावर असं धुकं उतरायचं की स्वतःचा हात दिसू नये. तिच्यात नाव चालवायचा भिवा. धुक्यात त्याला काठ कळावा म्हणून घाटावर घंटा हवी होती. ओतायची कुणी? त्याच्या बायकोने, येसूने. ती ओताऱ्याची लेक. बापाचा हात तिच्यात उतरला होता.

त्या बापाचंच मोठं दुखणं होतं. त्याने एकदा अशी घंटा ओतली की राजाने त्याला वाड्यावर बोलावून घेतलं. मग रोज कालच्यापेक्षा गोड घंटा पाहिजे. तो भट्टीपुढेच म्हातारा झाला आणि तिथेच मेला. घरी आला नाही. येसूने तेव्हाच ठरवलं, आपल्या हातून फार चांगलं काही होऊ द्यायचं नाही.

आता गावाची रीत ऐका. घाटाची घंटा गावाच्याच फुटक्या काशाची. घरटी एक भांडं द्यायचं. येसूने ती भांडी वितळवली, रस साच्यात ओतला, आणि ओतताना अंगठ्याने चिमूटभर रेती आत सोडली. रेतीने नाद मरतो, बरं का. घंटा वाजली, टक. लोक म्हणाले, कासं हलकं असेल. धुक्यात भिवाला नाद ऐकूच आला नाही, नाव खडकाला लागली. माणसं भिजून आली.

मग दुसरी घंटा. पुन्हा अंगठा, पुन्हा रेती. घंटा वाजली, थड. त्या धुक्यात नाव उलटली. सगळे आले, पारू आली नाही. पारू म्हणजे शेजारची सून, येसूच्या जिवाची. रडायचं असेल तर गोष्ट बंद करतो.

मग तिसरी. पारूच्या सासूने पारूची जेवायची वाटी आणून दिली. येसूने ती वितळवली. रस लाल झाला, ओतायची वेळ आली, आणि अंगठा रेतीकडे गेला. तशी रसाच्या मुशीतून पारू बोलली.

"येसू, हात आवर. इथे नदीच्या तळाशी रेती पुष्कळ आहे. आणखी नको."

येसूचा अंगठा थांबला. ती म्हणाली, "चांगली झाली तर मला नेतील गं, बापासारखं."

"बोलावतील. तुझ्या बापाला कुणी बांधून नेलं नव्हतं. त्याला नाही म्हणता आलं नाही. तुला येतं का बघ."

मग येसूने अंगठा पदरात गुंडाळला, गाठ मारली, आणि तसाच रस ओतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं आलं. भिवा माणसं घेऊन मधोमध अडकला होता. येसूने दोर ओढला. नाद निघाला आणि धुक्यात भांगासारखी वाट पडली. त्या वाटेने नाव सरळ घाटाला लागली. सगळे उतरले. मोजून सगळे.

मग येसू पारूच्या सासूकडे गेली आणि रेतीचं सांगितलं. सासूने दार लावून घेतलं. वर्षभर उघडलं नाही. मग एक दिवस उघडलं.

राजा? आला की. नाद ऐकून स्वतः आला. म्हणाला, वाड्यावर चल. येसूला बाप आठवला. पण म्हणाली, "नाही येणार. घंटा हवी असेल तर फुटकी भांडी आणा आणि रांगेत बसा." राजाने इकडे तिकडे पाहिलं आणि बसला. त्याच्या पुढे एक कोळीण होती.

भीती गेली का म्हणता? कुठली जाते. दर साच्याला येसूचा अंगठा रेतीकडे वळायचा. दर वेळी ती तो पदरात बांधायची आणि ओतायची. भिवा रोज घरी जेवायला यायचा. असे ते म्हातारे होईस्तोवर सुखाने राहिले.

तिचा अंगठा पदरात, तुमचे पाय गोधडीत. डोळे मिटा आता.