निम्मा पाला, निम्मा कडबा

एका गावात हैबती नावाचा एक भोळा शेतकरी होता. इतका भोळा, की कुणी म्हणालं, "जरा डोकं चालव," तर हा मान हलवत बसायचा.

त्याची बायको पारू मात्र हुशार. तिनं बांधावर सुबाभळी लावल्या.

"या कशाला?" हैबतीनं विचारलं.

"गाईला पाला होतो. शिवाय या झाडांच्या मुळांना गाठी असतात. त्या गाठींमुळं जमिनीला आपोआप खत मिळतं."

हैबतीला हे फार पटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं वांग्याची सगळी रोपं उपटली, एकेका मुळाला गाठ मारली आणि परत लावली. जिथं मूळ आखूड पडलं, तिथं सुतळी जोडली. संध्याकाळपर्यंत रोपांनी माना टाकल्या.

पारूनं कपाळाला हात लावला. "अहो, पिकाला हात नसतो लावायचा. लांब उभं राहून नुसतं बघायचं!"

"आधी सांगायचं नाही का?" हैबती म्हणाला.

मग एकदा ढवळी गाय दावं तोडून शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली. हैबती लांब उभा राहिला. नुसतं बघितलं. पोट भरल्यावर गाय घरी आली. मागोमाग काठी घेऊन शेजारी आला.

"अहो, अशा वेळी गळ्यात दावं अडकवायचं आणि ओढत घरी आणायचं!" पारू म्हणाली.

"आधी सांगायचं नाही का?"

पुढं पारूचा भाऊ ज्ञानदेव एसटीनं आला. हैबती त्याला आणायला स्टँडवर गेला, तो दावं घेऊनच. भर बाजारातून मेहुणा ओढत आणला.

"दाजी, अहो दाजी, हे काय?" ज्ञानदेव ओरडत होता.

"चक् चक्, हो, हो," हैबती त्याला चुचकारत होता.

पारूनं भावाच्या गळ्यातलं दावं सोडवलं. "अहो, पाहुण्याला सावलीत बसवायचं. 'घ्या, लाजू नका' म्हणायचं. पुरे म्हणेपर्यंत वाढायचं!"

"आधी सांगायचं नाही का?"

त्या दिवसापासून ढवळीची चैन झाली. हैबती तिला सुबाभळीच्या सावलीत बसवी, फांद्या तोडून पुढं टाकी आणि म्हणे, "घ्या, लाजू नका." गाय काही पुरे म्हणेना. महिना सरता सरता तिच्या अंगावरचे केस झडले. शेपटीचा नुसता दोर राहिला. हैबती रडकुंडीला आला. गाईवर त्याचा फार जीव.

"अहो, नुसता सुबाभळीचा पाला पोटात गेला की केस झडतात," पारू म्हणाली. "निम्मा पाला, निम्मा कडबा मिसळून घाला. येतील परत."

हैबतीनं तसं केलं आणि खरंच केस आले. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी जमलं होतं.

तेवढ्यात मुलीला, शेवंताला, बघायला पाहुणे आले. स्थळ चांगलं. पारूनं पुरणपोळी केली, मेथीची हिरवीगार भाजी केली आणि नवऱ्याला म्हणाली, "पाहुण्यांना काय हवं-नको ते बघा."

मुलाचे वडील पानावर बसले. उकडत होतं, म्हणून त्यांनी फेटा काढून ठेवला. डोकं तुळतुळीत!

हैबतीनं वाकून ते डोकं निरखलं. त्यानं ताटात पाहिलं. पोळी अजून तव्यावर होती, पानात नुसता पाला! त्यानं ताट उचललं, गोठ्यात गेला आणि कडब्याची मूठभर कुट्टी मिसळून परत आणून ठेवलं.

पाहुणे ताटाकडे बघतच राहिले. पारू भिंत धरून खाली बसली. मुलाला हसू आवरेना, दाराआडून शेवंताही खुदकन हसली.

हैबतीनं पाहुण्यांच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"घाबरू नका, पाव्हणं. महिनाभर हे खा. आधी शेपटीला येतील, मग डोक्याला."