कुमुदताईंचं मत

कालिंदी राजाध्यक्ष घरी बसून लोकांची पुस्तकं संपादित करायची आणि रविवारी दुपारी वाचनालयात कवितेची कार्यशाळा घ्यायची. एका रविवारी कोपऱ्यातल्या खुर्चीत दाजीसाहेब इनामदार येऊन बसले. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

दाराची कडी आपोआप लागली. दाजीसाहेबांनी ओलसर वही पुढे केली. "वाचा. एका शब्दालाही नाव ठेवलंत, तर इथून कुणी घरी जाणार नाही."

कालिंदीने वही हातात घेतली. मग ती म्हणाली, "इथला नियम आहे, दाजीसाहेब. सगळ्यांची मतं सांगून होईपर्यंत कवीने बोलायचं नाही, जागचं हलायचं नाही. मान्य?"

"इनामदारांचा शब्द आहे!"

कविता भिकार होती. पाच जणांनी घाबरत वाहवा केली. उरल्या कुमुदताई, आणि त्यांना खोटं बोलता येत नसे.

"कुमुदताई, सावकाश सांगा," कालिंदी म्हणाली. "आपल्याला घाई नाही."

कुमुदताईंनी चष्मा पुसला. "मला अजून विचार करायचाय."

"मग पुढच्या रविवारी." कालिंदीने उठून कडी काढली. दाजीसाहेबांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

त्याला आता चार वर्षं झाली. दर रविवारी कोपऱ्यातली खुर्ची थरथरते, आणि कुमुदताई तिकडे बघून म्हणतात, "विचार चाललाय."

त्या यंदा नव्वदीत गेल्या. कार्यशाळेत हल्ली कवितेआधी त्यांच्या तब्येतीची चौकशी होते.