धुक्यातली दुसरी घंटा

फार फार मागची गोष्ट आहे ही. लहानांनी ऐकावी, थोरांनीही ऐकावी.

एका राज्यात उंच डोंगरांमधून जाणारी एक खिंड होती. खिंडीच्या एका बाजूला देवाचं दगडी देऊळ होतं आणि दुसऱ्या बाजूला तुटलेला कडा, डोकावलं तर डोळे फिरतील एवढा खोल. दुपार कलली की दरीतून धुकं वर चढे. मग माणसाला स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे.

देवळात येसबा नावाचा गुरव आणि त्याची बायको भिवरा राहत. सकाळी येसबा देवाची पूजा करी. धुकं आलं की घंटेची दोरी धरून उभा राही आणि हाका मारी, "या हो, देवाच्या नावानं या! वाट इकडं आहे!" वाटसरू त्या आवाजाच्या रोखानं चालत येत आणि कड्यापासून वाचत. हीच त्याची देवसेवा. वर्षानुवर्षं तो ती करत आला होता, आणि आपण काही मोठं करतो आहोत असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

एके सकाळी तो ओल्या फडक्यानं मूर्ती पुसत होता. हाताखालचा दगड एकाएकी कोमट लागला, जिवंत माणसाचा खांदा लागावा तसा. गाभारा उजेडानं भरून गेला. आणि कानाशी बोलावं इतक्या जवळून शब्द आले, "येसबा, मी इथंच आहे."

एवढंच. उजेड गेला, दगड गार झाला. येसबा मात्र दिवसभर रडत होता आणि रडता रडता हसत होता. त्या दुपारी त्यानं अशी घंटा वाजवली, की खालच्या गावातली माणसं कामं टाकून दारात येऊन उभी राहिली.

पण दिवस गेले तशी पूजा त्याला कोरडी वाटू लागली. दगड रोज गारच लागे. गावोगावचे लोक येऊन त्याच्या पाया पडत, "देव भेटलेला तो हाच," असं एकमेकांना सांगत. ते ऐकून त्याला बरं वाटे. ते गेले की आतून अधिकच रितं वाटे. मग पूजा कशीबशी उरकून तो गाभाऱ्यात डोळे मिटून बसू लागला. पुन्हा एकदा व्हावं. फक्त एकदा.

एका दुपारी धुकं आलं तरी तो उठला नाही. आणि आवाज आला.

"येसबा, मी इथंच आहे."

तेच शब्द होते. पण ते गाभाऱ्यातून आले नव्हते. ते दाराबाहेरून, कड्याच्या बाजूनं आले होते.

"ज्यानं मला पाहिलं, त्यानं अजून दोरी ओढत उभं राहायचं? तू बस. घंटा मी वाजवतो."

मिटलेल्या पापण्यांमागे उजेड पसरला. पांढरा, ओलसर, गार. येसबाच्या अंगावर काटा आला, आणि त्यालाच तो आनंद समजला. बाहेर कुठेतरी घंटा वाजू लागली. त्यानं डोळे किलकिले करून वर पाहिलं. देवळातली घंटा हलत नव्हती.

असं रोज होऊ लागलं. मूर्ती पुसायचं राहून गेलं. घंटेच्या दोरीला बुरशी आली.

एक दिवस भिवरा त्याच्यासमोर येऊन बसली. "अहो, मीठ घेऊन निघालेला लमाण गावात पोचलाच नाही. त्याचे बैल तेवढे आले, भिऊन थरथर कापत. घंटा तुम्हीच वाजवता ना?"

"वाजते की."

"वाजते, का तुम्ही वाजवता?"

येसबा चिडला. "ज्याला साक्षात दर्शन झालं, त्याला तू जाब विचारतेस?"

"दर्शन झालं तेव्हा तुम्ही देव पुसत होता," भिवरा म्हणाली. "आता बघा त्याच्यावर किती धूळ बसलीय." तिनं पदरानं मूर्ती पुसली, आणि दिव्याचं तेल संपलं होतं म्हणून ते आणायला ती गावाकडे उतरली.

ती परत यायच्या आतच धुकं चढलं. येसबा नेहमीसारखा बसला होता. दूरची घंटा वाजू लागली. मग त्यानं एक हाक ऐकली.

"भिवरा, ये! वाट इकडं आहे!"

तो आवाज त्याचाच होता. हुबेहूब त्याचा. आणि तो कड्याखालून येत होता.

"आले हो, आले!" भिवरेचं उत्तर आलं, आणि देवळापासून लांब जाणारी तिची पावलं वाजली.

येसबा उठायला गेला. पाय दगडासारखे जड झाले होते. "बस," तो आवाज अगदी दाराशी येऊन म्हणाला. "आजच तुला पूर्ण दर्शन देतो. उठलास, तर पुन्हा कधीच नाही."

येसबानं डोळे उघडले. दारात धुक्याचा एक चेहरा उभा होता, पाहत राहावं इतका सुंदर. फक्त त्याचे डोळे येसबाकडे पाहत नव्हते. ते भिवरेच्या पावलांकडे लागले होते.

"नको मला दर्शन!" असं तो ओरडायला गेला, पण गळ्यातून आवाज फुटेना. तो रांगत दाराशी गेला, धुक्यातून आरपार. दोरी ओढली तशी कुजलेली दोरी तुटून हातात आली. मग त्यानं चौथऱ्यावर चढून बाजूचा धोंडा उचलला आणि घंटेवर हाणत सुटला. बोटं फुटली. हाणता हाणता गळ्यातून देवाचं नाव बाहेर पडलं, घोगरं, चिरकलेलं, रडवेलं.

धुक्यात आता दोन घंटा वाजत होत्या. पावलं थांबली. येसबा हाणत राहिला.

भिवरा पायरीशी आली तेव्हा तिची एक चप्पल कड्यावरून खाली गेली होती.

"कशी ओळखलीस वाट?" त्यानं विचारलं.

"तिकडची हाक फार गोड होती," ती म्हणाली. "इकडं कुणीतरी जीव तोडून देवाला हाक मारत होतं."

दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांबरोबर येसबा दरीत उतरला. लमाण सापडला, पण त्याच्यात जीव उरला नव्हता. त्याला खांद्यावर घेऊन येसबा वर आला आणि लमाणाच्या बायकोपुढे हात जोडून उभा राहिला. ती नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली. तिनं येसबाकडे पाहिलंही नाही. येसबाचा गळा पुढे कधी नीट झाला नाही, आणि तो उजेडही त्याला पुन्हा दिसला नाही. रोज गार दगड पुसून, धुकं चढलं की तो म्हातारपणापर्यंत घंटा वाजवत राहिला. आणि त्याच्या हयातीत त्या खिंडीत पुन्हा कुणी हरवलं नाही.

बोध: देवाचं दर्शन ही त्याची कृपा, दर्शनानंतरही रोजची सेवा न सोडणं, ही आपली निष्ठा.