टिपकीनं सूर्य घरात आणला

भागीकाकूचं घर पत्र्याचं. वीज नाही. खिडकी नाही. भर दुपारी घरात अंधार गुडूप!

कोपऱ्यात पेंढा. पेंढ्यावर कोंबडीआई. तिच्या पोटाखाली अंडी. एक फुटलं, फट्! बाहेर आली टिपकी. ती अशी नाचली, अशी नाचली, की एका अंड्याला लागला धक्का. गडगड गडगड... अंडं गेलं अंधारात!

"अगं धांदरट!" कोंबडीआई म्हणाली. "मी उठले तर बाकीची गार पडतील. तूच जा. ते गार पडायच्या आत आण!"

टिपकीला काही दिसेना. तिला रडूच आलं. अंड्यात बाळ होतं ना!

तुरूतुरू तुरूतुरू ती अंगणात आली.

"सूर्यदादा, आत ये! अंडं काही दिसेना!"

"मी एवढा मोठा, दार एवढंसं! पत्रा वाट देईल, तर मी येईन."

तुरूतुरू तुरूतुरू.

"पत्र्या पत्र्या, वाट दे! सूर्य आत येईना, अंडं काही दिसेना!"

"भोक पाडू? पाऊस गळेल, टपटप! बाटली भोक बुजवेल, तर मी वाट देईन."

कुंपणापाशी रिकामी बाटली लोळत होती. तुरूतुरू तुरूतुरू.

"बाटली बाटली, भोक बुजव! पत्रा वाट देईना, सूर्य आत येईना, अंडं काही दिसेना!"

"मी रिकामी. वारा मला उडवेल, भुर्र! पाणी आत येईल, तर मी बुजवीन."

तुरूतुरू तुरूतुरू घागरीकडे.

"पाणी पाणी, बाटलीत जा! बाटली भोक बुजवीना, पत्रा वाट देईना, सूर्य आत येईना, अंडं काही दिसेना!"

"मला का पाय आहेत? काकू उठून ओतेल, तर मी जाईन."

काकू अंगणात चुलीपाशी बसली होती. तुरूतुरू तुरूतुरू.

"काकू काकू, ऊठ ना! पाणी बाटलीत जाईना, बाटली भोक बुजवीना, पत्रा वाट देईना, सूर्य आत येईना, अंडं काही दिसेना!"

"थांब गं बाई! भाकर करपंल. भाकर फुगंल, मग मी उठंन."

"भाकरी भाकरी, फुग ना! काकू काही उठेना, पाणी बाटलीत जाईना, बाटली भोक बुजवीना, पत्रा वाट देईना, सूर्य आत येईना, अंडं काही दिसेना!"

"विस्तव विझत आलाय. कोणी वारा घालेल, तर मी फुगेन."

कोणी म्हणजे कोण? टिपकीनं इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग आपले पंख पाहिले. एवढुसे!

फडफड फडफड! नाकात राख! आक्छी!

विस्तव फुलला, भग्ग! भाकरी फुगली, टम्म! काकू उठली, चट्! पाणी बाटलीत गेलं, गुडगुड! काकू शिडीवर चढली. पत्र्यानं वाट दिली, ठाक ठाक! बाटली भोकात बसली, गच्च!

आणि सूर्य आत आला, लख्ख! बाटलीतलं पाणी चमचम चमकलं. घरभर उजेडच उजेड!

"ते बघा अंडं! सुपामागे!" टिपकी ओरडली.

काकूनं ते अलगद उचललं. "बया! अजून गरम हाय की!"

अंडं गेलं आईच्या पोटाखाली. टक टक टक... फट्!

बाहेर आलं पिल्लू. त्यानं वर पाहिलं. "ताई, हा दिवा कोणी लावला?"

"सगळ्यांनी," टिपकी म्हणाली. "पण आधी मी!"

टिपकीला झाला भाऊ. नाव काय बरं ठेवू?