टिल्ली खारीची तिरपी फळी

या रे या, जवळ सरका. कान इकडे करा!

टिल्ली खारीने घर बांधलं. लाकडाचं. चार फळ्या उभ्या. चार फळ्या आडव्या. वर पानांचं छप्पर. आत दोन पिल्लं, एवढीश्शी! सगळं कसं सरळ सरळ. सरळ म्हणजे छान, असं टिल्लीला वाटलं. वेडी कुठली!

वारा आला. सूं सूं सूं! घर इकडे डुललं. घर तिकडे डुललं. धप्प! आडवंच झालं की हो.

पिल्लं रडली, "चीं चीं!" टिल्लीने त्यांना पोटाशी धरलं. मग टोपलीखाली झाकलं. "रडू नका रे सोन्यांनो. ही गेले नि ही आले."

तुरुतुरु तुरुतुरु. टिल्ली आली धोंडबा सुताराकडे.

"धोंडबाकाका, माझं घर उभं करा ना!"

सुतार म्हणाला, "उभ्या फळ्या आहेत. आडव्या आहेत. तिरपी कुठाय? तिरपी नसली की घर डुलतं गं बाई. ठोकीन मी तिरपी. पण खिळे नाहीत. जा, सगुणा लोहारणीकडे."

तुरुतुरु तुरुतुरु.

"सगुणामावशी, सगुणामावशी!
सुतार फळी ठोकेना,
घर माझं राहीना.
खिळे देतेस का?"

"देईन की! पण भट्टी थंड. कोळसे संपले. जा, ढवळ्या बैलाकडे."

तुरुतुरु तुरुतुरु.

"ढवळ्यादादा, ढवळ्यादादा!
लोहारीण खिळे घडवेना,
सुतार फळी ठोकेना,
घर माझं राहीना.
कोळसे आणतोस का?"

"आणीन की! पण पोटात कावळे ओरडतायत. जा, गवताकडे."

तुरुतुरु तुरुतुरु.

"गवतभाऊ, गवतभाऊ!
बैल कोळसे आणेना,
लोहारीण खिळे घडवेना,
सुतार फळी ठोकेना,
घर माझं राहीना.
बैलाच्या पोटात जातोस का?"

अगं, असं विचारतात का कुणाला? पण गवत हसलं. "जाईन की! मी काय, पुन्हा उगवेन. पण वाऱ्याने मला लोळवलंय. जा, वाऱ्याकडे."

तुरुतुरु तुरुतुरु. टिल्लीचे पाय दुखले. डोळे भरले.

"वारेदादा, वारेदादा!
गवत डोकं वर काढेना,
बैल कोळसे आणेना,
लोहारीण खिळे घडवेना,
सुतार फळी ठोकेना,
घर माझं राहीना.
बाळं माझी उघड्यावर. थांबतोस का?"

वारा चपापला. "अगं बाई! घर मी पाडलं? मी नुसता धावतो गं, बघतच नाही. चुकलं माझं. थांबतो. पण संध्याकाळपर्यंतच हं! ढग न्यायचेत मला. मग येणार. जोरात येणार!"

वारा थांबला.
गवत उठलं.
बैलाने खाल्लं, कचर कचर.
कोळसे आणले, खुळूक खुळूक.
लोहारणीने खिळे घडवले, ठण् ठण्.
सुताराने घर उभं केलं. तिरपी फळी ठोकली. एक या भिंतीला, एक त्या भिंतीला. ठक ठक ठक! मग त्याने घराला खांदा लावला. सुतार असंच बघतात. हूंऽऽ! हललं का घर? नाही हललं!

टिल्लीने टोपली उचलली, पिल्लांना घरात नेलं. संध्याकाळ झाली. वारा आला.

"टिल्ली, आलो गं!"

सूंऽऽ सूंऽऽ! घर करकरलं. टिल्लीने पिल्लांवर शेपटी पांघरली. वाऱ्याने पुन्हा ढकललं. हूंऽऽऽ!

घर आपलं उभंच.

मग टिल्ली हळूच म्हणाली, "वाहा रे दादा, हवं तेवढं वाहा. बाळं माझी झोपली."