पाट फिरवला तो दिवस

चाकणच्या माळावर कोरियाचे कारखाने नवे नवे आले, तेव्हाची ही गोष्ट. तिथं एक होते हान गुरुजी, एक होती त्यांचा स्वयंपाक करणारी सगुणाबाई, आणि एक होती सगुणाबाईची लेक, मोनाली.

गुरुजी कोरियाचे, म्हातारे. मराठी मोजकं बोलायचे, पण नीट बोलायचे. दुपारी पोरींना आपली भाषा शिकवायचे.

कारखान्यात दुभाषी हवी होती. गुरुजी जिला चिठ्ठी देतील, तिलाच घेणार. पाच घरचा स्वयंपाक करून सगुणाबाईचे गुडघे गेले होते. पोरीला चिठ्ठी मिळाली, तर ती घरं सुटणार होती.

मोनालीला दोनशे वाक्यं पाठ. ताठा तेवढाच. बरोबरच्या पोरींना तिनं सांगितलंही नव्हतं, की आत भाकऱ्या थापते ती आपली आई.

गुरुजींनी तिला एकच विचारलं.

"ताट समोर आलं. काय म्हणशील?"

"जाल मॉक्केस्सुम्निदा."

म्हणजे, मी छान जेवीन. तिकडं लहानथोर सगळे पहिल्या घासाआधी असं म्हणतात.

गुरुजींनी मान हलवली. "नाही. उद्या."

दुसऱ्या दिवशी ती सूर लावून म्हणाली. तिसऱ्या दिवशी कमरेत वाकून म्हणाली.

"नाही."

असे आठ दिवस गेले... चिठ्ठीचा शेवटचा दिवस उजाडला.

त्या दुपारी सगुणाबाईनं भात वाढला, आमटी वाढली, आणि आत गेली. मोनाली पाटावर बसली. गुरुजींकडं बघत एकेक अक्षर मोत्यासारखं म्हणाली.

गुरुजींनी चमचा उचलला नाही. तिकडं थोरल्यानं घास घेतल्याशिवाय धाकट्यानं घ्यायचा नसतो. दोघंही तसेच बसून राहिले.

"गुरुजी, कुठं चुकतं ते तरी सांगा! जीभ जड आहे का माझी?"

"जीभ चांगली आहे."

"मग?"

"ऊठ."

ती उठली. गुरुजींनी वाकून तिचा पाट धरला, आणि स्वयंपाकघराकडं फिरवला.

"बस."

"तुमच्याकडं पाठ होते हो!"

"होऊ दे."

ती बसली. समोर दार. दारातून आई दिसली, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यानं तवा खाली घेत होती.

"काय गं?" सगुणाबाई म्हणाली. "मीठ कमी पडलं का?"

"गुरुजी..." मोनाली हळू म्हणाली. "रांधलं म्हणून आईला कुणी असं म्हणतं का? आमच्यात नाही म्हणत. परकं वाटतं."

...

"जाल..." मोनाली म्हणाली. मधली अक्षरं गिळली, शेवटची नाकात गेली.

"बोल की नीट," सगुणाबाई म्हणाली. "आणि जेव आधी."

मागं चमच्याचा आवाज झाला. गुरुजी जेवायला लागले होते.

चिठ्ठी त्याच दुपारी मिळाली. महिन्याभरात मोनाली कारखान्यात लागली. सगुणाबाईची चार घरं सुटली. पाचवं तिनं आपणहून धरून ठेवलं, गुरुजींचं. पुढं गुरुजी आपल्या देशी गेले. त्या घराच्या जागी आता गोदाम आहे. तिथून जाताना अजून आमटीच्या फोडणीचा वास आल्यासारखा होतो.

गुरुजी निघायच्या आदल्या दिवशी सगुणाबाई पेढे घेऊन गेली होती.

"गुरुजी, एक विचारू? पोरगी त्या दिवशी पाटावर बसून मला काय म्हणाली हो? विचारलं की लाजते."

गुरुजींनी पेढा दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ हसत राहिले.

"मला कसं ठाऊक असणार, बाई? ती मला म्हणाली नव्हती."